सासऱ्यांच्या दारात बस

कवळ्या बनवणारी बाई रोज सकाळी एकाच बसने कामावर जायची. सुरुवातीला तिची आणि ड्रायव्हरची ओळख आरशापुरतीच होती. तो आरशात बघून मान डोलवायचा, तीही डोलवायची. पुढे गप्पांत हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली, आणि एक दिवस त्याने विचारलं,

“ताई, काम काय करता?”

“दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवते.”

“खऱ्या?”

“कवळ्या खऱ्या. दात खोटे.”

सिग्नल हिरवा झाला तरी बस हलेना. ड्रायव्हर खुर्चीत पूर्ण वळून तिच्याकडे बघत होता. मागून हॉर्नचा नुसता गलका.

त्याच्या सासऱ्यांना कवळी बसवल्यापासून त्यांचं बोलणं कुणाला म्हणजे कुणालाच कळत नव्हतं. “पण माणूस देव हो, ताई! मी गेलो की माझा हात घट्ट धरतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि बोलतच राहतात. ऐकू येतं नुसतं फसफस. आशीर्वादच असणार. एकदा नीट ऐकायचे आहेत.”

“दवाखान्यात घेऊन या,” ती म्हणाली.

“घरातून पाऊल बाहेर टाकत नाहीत ना!”

सासऱ्यांच्या वाढदिवशी बस नेहमीच्या पुलाकडे वळलीच नाही. ती सरळ एका बोळात घुसली, एका दाराशी कुंडी फोडून थांबली. ड्रायव्हर उठून प्रवाशांना हात जोडत म्हणाला, “मंडळी, जरा घरचं काम आहे.” एक टायवाला तावातावाने उठला, पण काम काय ते कळल्यावर तोच सगळ्यांच्या आधी खाली उतरला.

बाईने ड्रायव्हरला चांगलं फैलावर घेतलं. पण पायरीवर बसलेल्या सासऱ्यांच्या तोंडात तिने डोकावून पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “कुणी केलीय ही? जीभ हलायला जागाच नाही!” तिने पर्समधून बारीक कानस काढली. टायवाल्याने मोबाईलचा उजेड धरला. ड्रायव्हरच्या सासूबाईंनी पाण्याचं भांडं आणून दिलं आणि हळूच पुटपुटल्या, “राहू दे ना गं. आहे ते बरं चाललंय.”

कामाच्या भरात बाईने ते कानाआड केलं. घासून, धुऊन तिने कवळी बसवली. सासऱ्यांनी जीभ फिरवली. जावयाचा हात धरला. प्रवासी श्वास रोखून उभे.

“तू मला पहिल्या दिवसापासून आवडत नाहीस,” ते खणखणीत म्हणाले. “जेवताना मचमच करतोस. माझ्या खुर्चीत बसतोस. किती दिवस घसा फोडून सांगतोय, आणि तू आपला पाया पडतोस!”

ड्रायव्हरने कसंबसं विचारलं, “आणि ते डोळ्यांतलं पाणी?”

“कवळी टोचायची, गाढवा!”

परतीच्या वाटेवर बसमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “मचमच तर मीही करतो,” टायवाला मधेच म्हणाला, पण त्याने कुणाला बरं वाटलं नाही.

पुढचे काही दिवस ड्रायव्हरने आरशात बघायचंही टाळलं. मग एका सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून स्टॉपवर उभे! घरात त्यांचं ऐकून ऐकून सासूबाईंचे कान किटले होते. त्यांनीच बाहेर काढलं होतं. तेव्हापासून ते रोज येतात. बाईच्या शेजारी बसून जावयाचं गाडी चालवणं, मानेवरचे केस, कपाळावरच्या आठ्या, सगळ्याचा उद्धार करतात. एक अक्षर वाया जात नाही. टायवाला हल्ली पुढे सरकून ऐकतो.

“दादा, पुन्हा थोडी जाड करून देऊ का कवळी?” बाईने एकदा हळूच विचारलं.

ड्रायव्हरने जोरात मान हलवली. “छे छे! काल वळणावर काय म्हणाले, ऐकलंत ना?”

“‘म्हशीसारखं वळवतोस’ म्हणाले.”

“त्याच्या आधी ‘अरे बाळा’ म्हणाले,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने ऐटीत गिअर टाकला.