मोहिनी निसटली, मी राहिले

मी ओढणी बोलतेय. जळगावजवळच्या असोदा गावातल्या एका घरात, कुंदाबाईच्या कपाटात, तिच्या लुगड्यांखाली मी घडी होऊन पडले आहे.

मी खरी मोहिनीची. जळगावात नर्सिंग शिकताना तिनं मला हीरालालशेठच्या दुकानातून आणलं. गडद निळी, काठाला पांढरी बुट्टी. उन्हात ती मला तोंडाला बांधायची, अभ्यास करताना माझं टोक दातात धरायची. लग्न झालं आणि मी तिच्यासोबत इथं आले.

तिचा नवरा योगराज चारचौघांत गोड बोलायचा, घरात हात उचलायचा. मग मोहिनी मला गळ्याभोवती गुंडाळून वळ झाकायची. लोकांना वाटायचं, हिला ऊन सोसत नाही. धुळ्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली, तेव्हा त्यानं तिचा मोबाईल काढून घेतला. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं.

एका दुपारी तो केळीच्या बागेत गेला होता. मोहिनी मागच्या दारानं निघाली. सासूनं, कुंदाबाईनं पाहिलं आणि धावत येऊन मला धरलं.

"कुठी चालली व? योगराज मले जित्ती ठेवीन का?"

"सोडा, आत्याबाई."

कुंदाबाईनं सोडलं नाही. मोहिनीनं मान खाली घातली आणि माझ्यातून निसटली. रस्त्यावरची बस निघून गेल्याचा आवाज आला. मी कुंदाबाईच्या मुठीत होते, अजून मोहिनीच्या अंगाची ऊब असलेली.

संध्याकाळी योगराजनं मला जाळायला मागितलं. "जाळली म्या," कुंदाबाई म्हणाली. तेव्हापासून मी या अंधारात आहे.

कुंदाबाईची मुलगी पुनम कॉलेजात इंग्रजी शिकते. परवा ती वाचता वाचता म्हणाली, "आई, एस्केप म्हणजे निसटणं, सुटणं, जीव वाचणं. नळीतून गॅस बाहेर पडला तरी तोच शब्द. एखाद्याचं नाव आठवेना तरी तोच."

कुंदाबाई तिच्याकडे पाठ करून, कपाट उघडून माझी पुन्हा घडी घालत होती.

"मूळ लॅटिन आहे म्हणतात. एक्स म्हणजे बाहेर, काप्पा म्हणजे अंगावरचा झगा. पकडणाऱ्याच्या हातात झगा राहिला, माणूस सुटला."

कुंदाबाईचे हात थांबले. "अन् ज्याच्या हातात कापड राह्यलं, त्याले काय म्हनता?"



घरात कुणी नसलं की कुंदाबाई मला स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळते. तिच्या मानेवर एक जुना व्रण आहे. योगराजचे वडीलही घरात हात उचलायचे. ती थोडा वेळ नुसती उभी राहते, मग मला काढून ठेवते.

मोहिनी धुळ्यात नोकरी करते, असं कानावर आलं. मोहिनी, इथं मला फार एकटं वाटतं. पण मला न्यायला येऊ नकोस. धुळ्यातही ओढण्या मिळतात.