चकचकीत बाजू

गिरीश साबड्याने स्वयंपाकघराच्या दारात मेम्ब्रेन, म्हणजे गाळणीचा पातळ पडदा, ताणून बसवलं आणि पहिल्या दिवशी त्यातून सगळं आरपार गेलं. भाजीचं पातेलं गेलं, फोडणीचा वास गेला, बायकोही गेली. गिरीशचं तोंड एवढंसं झालं. प्रयोगशाळेत हेच मेम्ब्रेन खारं पाणी गोडं करत होतं.

हेमांगीला राहवलं नाही. एके काळी तीही त्याच प्रयोगशाळेत मेम्ब्रेनच्या चकत्या कापायची. जुई झाल्यावर नोकरी सुटली, पण खोड काही सुटली नव्हती.

"अरे, उलटं लावलंयस," ती म्हणाली. "चकचकीत बाजू मळाकडे हवी ना?"

"मळ कुठल्या बाजूला धरायचा?"

ती ओट्यापाशी उभी होती, हातात पळी. "इकडे," ती म्हणाली. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला एवढा एक शब्द पुरला.

गिरीशने मेम्ब्रेन उलटवलं. आता चहा पलीकडे गेला तो कोमट पाणी होऊन. रंग, साखर आणि आलं अलीकडेच, ओट्याच्या बाजूला ओघळलं. गिरीश ते पाणी मिटक्या मारत प्यायला. मागोमाग हेमांगी गेली, तेव्हा तिची कंबरदुखी अलीकडे राहिली. तिला बरंच वाटलं. पुढच्या खेपेला चिडचिड राहिली, त्याच्या पुढच्या खेपेला गुणगुणणं. घरात कुणाची काही तक्रार नव्हती.

मग एका सकाळी ती जुईचं दूध घेऊन निघाली आणि स्वतःच अलीकडे राहिली. पलीकडे एक हेमांगी पोचली होती. तिच्या कपाळावरचा वण गेला होता आणि पेल्यात स्वच्छ पाणी होतं.

"आई, तू कित्ती छान दिसतेस!" जुई म्हणाली.

"हो, बाळ."

"बाळ काय गं? नावाने हाक मार ना."

ती नुसती हसली. जुईचं नाव अलीकडे होतं, तिच्या तापात जागलेल्या सगळ्या रात्रींसकट.

"जुई!" हेमांगी जिवाच्या आकांताने ओरडली. तिकडचं इकडे ऐकू येत होतं, इकडचं तिकडे जात नव्हतं. मेम्ब्रेन तेवढं फुगलं. हेमांगीला रडू कोसळलं.

जुई जवळ आली आणि तिने मेम्ब्रेनवर तळहात टेकवला. हेमांगीने अलीकडून आपला टेकवला. जुईला तो हात उबदार लागला.

"बाबा, आत कुणीतरी आहे."

"कुणी नाही गं. गाळून उरलेलं साठलंय. तसंच ठेवलं तर फाटेल हे. इकडून पाणी मारलं की सगळं आतल्या मोरीतून निघून जाईल."

"आधी हळू सोडायचं," पलीकडची हेमांगी म्हणाली. हे ज्ञान मात्र तिच्याबरोबर नीट पोचलं होतं.

गिरीशने न्हाणीघरातून पाइप आणून जुईच्या हाती दिला. पाण्याचं काम म्हटलं की ती एका पायावर तयार असायची.

"गार सोडू की कोमट?"

"कसंही सोड. काय फरक पडतो?" गिरीश म्हणाला.

जुई जरा घुटमळली. मग तिने गीझरचा नळ सोडला, आई आंघोळीच्या वेळी बघायची तसं धारेखाली कोपर धरून पाणी बघितलं, आणि पाइप मेम्ब्रेनला लावला.

हेमांगीने मोरीची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. पाणी अगदी बेताचं कोमट होतं.