तिरपा हात

नलूने स्कॅनरचं बटण पुन्हा दाबलं. पाकिटावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड पडला, पण यंत्र वाजलं नाही.

"सरळ पकडा न, नलूताई. एकदम समोरून," सुपरवायझर राजदीप म्हणाला आणि पुढच्या रांगेकडे गेला.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या या बियाण्याच्या गोदामात नलूची एकोणीस वर्षं गेली होती. कोणतं वाण कुठल्या फळीवर, हे ती न बघता सांगायची. पण आता प्रत्येक पाकीट स्कॅन होऊनच बाहेर जायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी गाडी भरायची, असं मालकांनी सोमवारी सांगून टाकलं होतं. नलूच्याच रांगेतल्या हंसाबाईंना जमलं नाही. साठीला टेकलेल्या, गुडघ्यांनी आधीच हैराण. तरी कालपासून त्या मुकाट्याने खोकी उचलत होत्या.

नलूने नवं पाकीट घेतलं. चकचकीत प्लास्टिकवर वरची ट्यूबलाइट लखलखत होती. आपलेच डोळे दिपतात, तर या यंत्राला तरी काय दिसणार, असं तिच्या मनात आलं. तिने मनगट जरासं कलतं केलं. यंत्र वाजलं. दुसरं पाकीटही वाजलं, तिसरंही.

दुपारपर्यंत तिचा ढीग संपला. ही जागा आता तुमचीच, असं राजदीपने खूश होऊन सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत नलू हंसाबाईंना हाताला धरून आत घेऊन आली.

"सरळ नोका धरू. चमक मारते. थोडं तिरपं करा, अस्सं."

हंसाबाईंनी पाकीट तिरपं धरलं. नलूने खालून आपला तळवा लावला. यंत्र वाजलं, तरी त्या हसल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

या रांगेत मशीन एकच आहे, दोघींना बसवता येणार नाही, असं राजदीप म्हणाला.

"मंग सकाळी मी बसतो, दुपारी ह्या बसतीन. दुपारची गाडी मी भरीन."

नलूच्या उजव्या खांद्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खांद्याचं विचारलं.

"खांदे दोन हायेत मले," नलू म्हणाली.

मालकांशी बोलून घेतो, तोवर तसंच करा, असं राजदीप म्हणाला.

हंसाबाई स्टुलावर टेकल्या. नलू बाहेर आली. ट्रक मागचा फळका पाडून उभा होता. तिने पदराची घडी करून डाव्या खांद्यावर ठेवली आणि पहिल्या खोक्याखाली वाकली.