शिळा टांगण्याआधी

माझी भाची दगड ऐकते. थट्टा नाही, हीच तिची कला. दगड उन्हात तापतो, संध्याकाळी निवतो, तेव्हा आतल्या आत कुरकुरतो. ती त्याला बारीक माइक चिकटवते आणि दिवसभराची कुरकुर एका मिनिटात बसवून लोकांना ऐकवते. "मामा, सहा कोटी वर्षांचा आहे हा," असं कौतुकाने सांगते. मी म्हणतो, एवढं वय झाल्यावर मीही कुरकुरलो असतो.

पण तिचे दगड निवडून देतो मीच. चाळीस वर्षं दगड घडवतोय. आमच्या धंद्यात डोळ्यांवर भरवसा नसतो. हातोडी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर दगड अखंड, बद्द वाजला तर आत चीर. दोन वर्षांपूर्वी माझ्या कानांनी दगा दिला. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. हातोडी तशीच मारायचो, मान तशीच डोलवायचो, आणि नशिबाने दगड चांगले निघत गेले.

या वेळची शिळा पुरुषभर लांब. ती साखळ्यांनी छताला आडवी टांगायची आणि लोकांनी खाली गाद्यांवर पडून ऐकायचं, असा बेत होता. मी पाच ठिकाणी ठोकलं आणि म्हणालो, "घे डोळे झाकून."

टांगायच्या दिवशी सकाळी प्रदर्शनाच्या दालनात गेलो तर शिळेला साखळ्या लागल्या होत्या आणि कामगार कप्पीपाशी उभे होते. भाची वायरींच्या पसाऱ्यात फतकल मारून बसली होती.

"मामा, तू ठोकलंस तेव्हाचं रेकॉर्डिंग आहे हे. जरा ऐक ना, काय बिघडलंय ते कळत नाहीये."

"तुझ्या मशीनमधलं मला काय कळणार?" मी खेकसलो. तरी तिने हेडफोन डोक्यावर चढवलेच. ती वळल्यावर मी गुपचूप आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

चार ठोके खणखणीत. पाचवा बद्द, तडा गेलेल्या मडक्यासारखा.

मी हेडफोन काढून ठेवले. 'मशीन बिघडलंय' म्हणालो असतो तर तिला पटलं असतं. माझं नाव शाबूत राहिलं असतं. खाली गाद्या अंथरून झाल्या होत्या.

"साखळ्या काढा," मी कामगारांना म्हणालो. "टांगायची नाही ही. आत चीर आहे." मग तिच्याकडे न बघता म्हणालो, "मला नीट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. अंदाजानेच चाललंय माझं."

संध्याकाळी उद्घाटन होतं. तिने चिडावं, दोन शब्द सुनावावेत, असं मला मनापासून वाटत होतं. तिचे ओठ हलले, पण मला काही कळलं नाही.

"मोठ्याने बोल," मी म्हणालो. दोन वर्षांत हे कुणाला म्हटलं नव्हतं.

"चार दिवस मी नुसते माइक बदलतेय, मामा!" ती ओरडून म्हणाली. "तू चुकला असशील, हे डोक्यातच आलं नाही माझ्या!"