तांब्यावरचं नाव

लग्न झाल्यापासून सुभद्रानं सहा घरं बदलली होती, आणि सहाही दुसऱ्याची. एका घरमालकिणीला फुलांचा वास सोसत नव्हता. दुसरीला ओल्या पाटीचं पाणी जिन्यावर ठिबकलेलं खपत नव्हतं. आणि एक तर असा खवीस भेटला होता की दर पोळ्याला घर खाली करा म्हणायचा आणि वर बैलांसाठी हार फुकट न्यायचा. पुंजाराम, म्हणजे तिचा नवरा, गावाकडच्या दीड एकरात झेंडू-शेवंती काढायचा आणि सुभद्रा अमरावतीच्या बाजारात हार करून विकायची. बावीस वर्षं झाली. दोऱ्यानं बोटांना घट्टे पडले, पण हार ओवायला स्वतःचा ओटा काही मिळाला नाही.

म्हणून गजेंद्रभाऊंचं घर विकायला निघालंय असं कळल्यावर ती पाहायला गेली, तेव्हा तिनं खोल्या पाहिल्याच नाहीत. मागच्या अंगणात विहीर होती, विहिरीला लागून ओटा होता, ओट्यावर कडुलिंबाची सावली होती. ती त्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "आवो, हेच."

ईसारचिठ्ठी झाली. दीड महिन्यात खरेदी करायची ठरली. वकील होता शेखरभाऊ, दलालानं आणलेला. गजेंद्रभाऊंचाही तोच आणि यांचाही तोच. "दोघाइले एकच वकील, म्हंजे भांडनच नाई," असं दलाल म्हणाला आणि पुंजारामाला ते फार शहाणपणाचं वाटलं. भोळ्या माणसाला दुसऱ्याचं शहाणपण फार लवकर पटतं, सगळा घोळ तिथंच होतो.

सुभद्रा चौथी शिकलेली. वाचायची, पण अक्षराखाली बोट ठेवून, सावकाश. एक दिवस ती शेखरभाऊच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, "मले ते कागद एकडाव वाचू द्या न जी."

शेखरभाऊ हसला. "तुमी वाचून काय करसान, मावशी? फुलाइचं तुमी पाहा, कागदाचं मी पाह्यतो."

"घर तरी पाह्यलं का तुमी?"

"घरात काय पाहाचं? कागद क्लिअर हाय न."

बोलला गोडच. पण ते बोलणं तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. कापडातलं कुसळ काढता येतं, मनातलं काढायला कोणीतरी लागतं. बाजारात तिच्या शेजारी वांगी-मेथी घेऊन बसणाऱ्या पार्वताबाईनं ते काढलं. ती म्हणाली, "अकोल्याच्या शकुनबाईकडं जाय. माह्या लेकीचं घर तिनंच वाचोलं. वकील बदलला म्हून कोनी फाशी नाई देत."

पुंजारामानं डोक्याला हात लावला. "अर्ध्या वखरणीत बैल बदलते का कोनी?"

"बैल वावर न पाह्यताच चालून राह्यला त बदलाच लागते," सुभद्रा म्हणाली.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन शेखरभाऊकडून फाइल घेऊन आला. शेखरभाऊनं तोंड वाकडं केलं, पण कागद मुकाट्यानं दिले. तो काही वाईट माणूस नव्हता. घाईतला होता, एवढंच.

अकोल्याला शकुनबाईंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचीच समोरची खोली. बाई साठीच्या पुढच्या, बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा. नमस्कार झाला, त्यांनी फाइल उघडली आणि वाचायला लागल्या. दोन तास झाले तरी मान वर नाही. सुभद्रा बघत राहिली, आणि जे दिसलं त्याच्यावर तिचा विश्वासच बसेना. बाईंचं बोट ओळीखालून सरकत होतं, एकेका अक्षरावर थांबत. अगदी तिच्या बोटासारखं. पस्तीस वर्षं कोर्टात काढलेली बाई, आणि वाचते आपल्यासारखी.

तिला राहवलं नाही. "बाई, तुमी बी बोट ठेवून वाचता?"

शकुनबाई हसल्या. "बोट काढलं की ओळ सुटते. न ओळ सुटली की मानूस सुटते." मग फाइल बंद करून म्हणाल्या, "चाला. आता घर दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाई अमरावतीला आल्या. घरात शिरल्या त्या पाहुण्यासारख्या शिरल्याच नाहीत. उंबरा पाहिला, शेजारच्या भिंतीचा जोड पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं, कडुलिंब कोणाच्या हद्दीत आहे ते पावलं टाकून मोजलं. पुंजाराम मागं मागं फिरत होता आणि कपाळाचा घाम पुसत होता. गजेंद्रभाऊ खुर्चीत बसून हसत होते. "पाहा, पाहा. आमचे बाबा शेषराव, त्याइनं सोता बांधलं हे घर. माय-बाबा आता नाई. आमी दोघं भाऊ, मी आन गोपाल. दोघाइच्या सह्या तयार हाय. अखीन काय पायजे?"

गजेंद्रभाऊंची बायको सीमा पाणी घेऊन आली. पितळेचा तांब्या आणि वर फुलपात्र. सगळ्यांनी पाणी घेतलं. शकुनबाईंनी तांब्या हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. त्यांनी तो उजेडाकडे वळवला, चष्मा वर केला, आणि तांब्याच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. आपल्याकडं लग्नात भांडं दिलं की त्यावर नाव घालतात. रोज त्यात पाणी पितो, आणि ते नाव कोणी वाचत नाही.

बाईंनी मोठ्यानं वाचलं. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मनकर्णाच्या लग्नानिमित्त, मामाकडून. एकोणीसशे एक्क्याण्णव." मग तांब्या खाली ठेवून विचारलं, "मनकर्णा कोन?"

सहा महिने दलाल या घरात पाणी पीत होता. ती स्वतः तीनदा प्यायली होती, त्याच तांब्यातून.

उत्तर सीमानं दिलं. "मोठ्या नंदबाई हाय. दर्यापूरले असते."

"कागदावर तुमी दोनच वारस लिहून देले," शकुनबाई म्हणाल्या. "बहीण लपवली काहून?"

"लपवली नाई जी," गजेंद्रभाऊ म्हणाले, आणि ते अगदी मनापासून बोलत होते. "आमच्यात पोरीचं नाव टाकतच नाई. दरसाल साडी-चोळी करतो तिले. तिनं कधी हिस्सा मांगला नाई. लपवली नाई, बाई. धरलीच नाई."

"मांगला नाई म्हंजे सोडला असं होत नाई, गजेंद्रजी. या घरात तिचा तिसरा हिस्सा हाय. तिच्या सहीबिगर हे घर माह्या माणसानं घेतलं, त उद्या तिचा नातू येऊन याइले बाहेर काढीन."

बाहेर आल्यावर पुंजारामाचा बांध फुटला. "जुना वकीलच बरा होता. त्यानं तांब्या तरी वाचला नसता." आणि खरं सांगायचं तर सुभद्रालाही क्षणभर तेच वाटलं. बाईंनी तो तांब्या उजेडाकडे वळवला नसता, तर पंधरा दिवसांत ओटा आपला होता. असं वाटल्याची तिला लाज वाटली, पण वाटलं हे खरं. आता ती मनकर्णा नाही म्हणाली तर? भावाशी वैर काढलं तर? सातवं भाड्याचं घर तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

दर्यापूरला जीपमध्ये तिघंही कोंबून गेले. मनकर्णाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, हात चालूच. घर विकलं जातंय हे त्यांना माहीतच नव्हतं. ऐकून हात थांबले.

पुंजाराम पुढं सरसावला. "ताई, एक सही करा न जी, लई उपकार होतीन." शकुनबाईंनी त्याला हातानं मागं केलं.

"मनकर्णाताई," त्या म्हणाल्या, "मी तुमची वकील नाई. या सुभद्राची हाव. म्हून माह्या सांगन्यावर काहीबी सही करू नोका. तुमचा तिसरा हिस्सा हाय. तुमी दुसऱ्या वकिलाले भेटा, त्याले इचारा, मंग ठरवा."

पुंजारामाचं तोंड उघडंच राहिलं. ज्या बाईला आपण आणलं तीच समोरच्याला शहाणं करून राहिली, असा वकील त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सुभद्रानंही नव्हता पाहिला. पण तिला कळलं. शकुनबाईंना असा कागद हवा होता की जो पन्नास वर्षांनी कोणी उघडला तरी त्यात एकही माणूस फसवलेला सापडणार नाही. आपल्यासारख्या फुलवालीच्या घरासाठी कोणी एवढं करतं, या विचारानं तिचा ऊर भरून आला.

मनकर्णाबाईंनी एकच विचारलं. "मी हाव हे तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमच्या तांब्यानं."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मामानं देला होता. निंघताना इसरली मी. माय म्हणे, राहू दे, तू आली की यातच पानी देईन." पदरानं तोंड पुसलं आणि सरळ बसल्या. "वकिलाले मी भेटीन. पन आताच एक सांगते. मी सोडलं, असं लिवू नोका. म्या काही सोडलं नाई. भाऊ इकून राह्यले, तशी मी बी इकून राह्यली. इकणारी म्हून माह्यं नाव लिवा."

शकुनबाईंनी मान हलवली. त्यांच्या भिंगांमागं पाणी होतं की काय, सुभद्राला नीट दिसलं नाही.

गजेंद्रभाऊ आठ दिवस फणफणले. बहिणीला फितवलं म्हणाले, वकिलीणबाई घर मोडायला आली म्हणाले. गोपालनं पुण्याहून फोनवर समजावलं, तेही ऐकलं नाही. शकुनबाईंनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की बहिणीच्या सहीशिवाय आता हे घर कोणीच घेणार नाही. नवव्या दिवशी ते एकटेच दर्यापूरला गेले. भावाबहिणीत तिथं काय बोलणं झालं ते कोणाला ठाऊक नाही. सीमा एवढंच सांगते की जाताना त्यांनी पिशवीत तो तांब्या घातला होता आणि परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. ईसारचिठ्ठीची मुदत वाढवून द्यायला ते काही न बोलता तयार झाले.

मग शकुनबाईंनी खरेदीखताचा मसुदा केला आणि सुभद्रा-पुंजारामाला अकोल्याला बोलावलं. पुंजाराम खुशीत होता. त्यानं बाईंसाठी शेवंतीचा गजरा राखून ठेवला होता. बाईंनी गजरा घेतला, आणि कागदांचा गठ्ठा त्याच्याकडं न देता सुभद्रापुढं सरकवला. "घ्या. वाचा."

"तुमी वाचलं न, बाई. मंग मी कायले?"

"मी माह्यासाठी वाचलं."

सुभद्रानं हात पदराला पुसले आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. विकत देणार, गजेंद्र शेषराव. गोपाल शेषराव. आणि तिसरी ओळ, मनकर्णा. त्या नावावर ती थांबली, तांब्यावरचं नाव इथं येऊन बसलं होतं. मग चारी बाजूंच्या हद्दी आल्या. विहीर आली. ओटा आला, कडुलिंबसुद्धा आला. एवढंसं झाड सरकारी कागदात लिहितात याचं तिला नवल वाटलं. पुंजाराम जांभया देत होता. चहा दोनदा आला आणि निवला.

मग ती मागं गेली. पहिल्या पानावर. पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "यातून एक बाई सुटली."

पुंजाराम दचकून उठला. "आता कोन? अखीन एक बहीण हाय का त्याइले?"

"मी," सुभद्रा म्हणाली. "घेनाऱ्यात तुमचं एकट्याचं नाव हाय. बावीस वर्सं हार म्या बी ओवले."

शकुनबाई सावकाश म्हणाल्या, "ईसारचिठ्ठीत जसं होतं तसंच म्या लिवलं. तिथं तुमच्या मालकानं आपलं नाव सांगतलं होतं. मी सांगतलं असतं त ते माह्यं बोलनं झालं असतं. तुमाले वाचता येते, हे मले पयल्याच दिवशी दिसलं."

पुंजारामाचा चेहरा उतरला. "सुभद्रे, आईच्यान, म्या काही लपवलं नाई. मी त..." तो बोलता बोलता थांबला. पुढचा शब्द त्याच्या तोंडात आलेला सुभद्राला दिसला, आणि तो शब्द त्यानं कोणाच्या तोंडून ऐकला होता तेही तिला दिसलं. गजेंद्रभाऊंच्या खुर्चीतून, तांब्या समोर असताना.

तो खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग शकुनबाईंकडं पाहून म्हणाला, "धरलंच नव्हतं, बाई. आता धरा. न पयलं तिचं लिवा, माह्यं मागून."

शकुनबाईंनी नवं पान काढलं. छापून आल्यावर कागद अजून कोमट होता. सुभद्रानं तो घेतला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. घेणाऱ्याच्या जागी आपलं नाव आलं तेव्हा तिचं बोट तिथं थांबलं, आणि तिनं ते बराच वेळ काढलं नाही.