मधली सुट्टी सगळ्यांची एकच

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना लाकडी फळा आहे. खडूने लिहायचा नव्हे, वेळापत्रकाचा. शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या टेबलाच्या वर माझी जागा. आज मला इतके हायसे वाटते आहे, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शाळेच्या सुताराने मला घडवले. माझ्या अंगावर खिळ्यांच्या रांगा आहेत. आडवी रांग एका वर्गाची, उभी रांग एका तासाची. प्रत्येक खिळ्यावर पुठ्ठ्याची एक चिठ्ठी. गणिताची पिवळी, भाषेची निळी, खेळाची हिरवी आणि मधल्या सुट्टीची लाल. चिठ्ठ्या लावायचे काम उपमुख्याध्यापक सरांचे. स्टुलावर चढून, दोन चिठ्ठ्या ओठांत धरून ते तासन्‌तास माझ्यापुढे उभे राहत. एकाच बाईंना एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवायची चूक त्यांनी कधी केली नाही. पाहुणे म्हणत, "वा! काय चोख काम आहे!" कौतुक सरांचे व्हायचे आणि ताठ मी व्हायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मला कुत्रेही विचारत नसे.

यंदा सरांनी एक शक्कल लढवली. मधल्या सुट्टीत नळावर झुंबड उडते, म्हणून त्यांनी लाल चिठ्ठ्यांची सरळ रांग मोडली. लहान वर्गांना चौथ्या तासानंतर सुट्टी, मोठ्यांना पाचव्यानंतर. नळावरची गर्दी निम्मी झाली. सर खूश. मीही छाती फुगवली, खोटे कशाला बोलू?

पण खोलीतला आवाज हळूहळू बसला. लहान वर्गांचे शिक्षक चहा पिऊन जात, तेव्हा मोठ्या वर्गांचे येत. निरोप कागदाच्या कपट्यांवर लिहून कपाखाली ठेवले जात. चित्रकलेच्या बाई आणि खेळाचे सर रोज एकमेकांची टर उडवायचे, तेही आता भांडले. भांडणसुद्धा कपट्यांवरच!

काल दुपारी लहान मुलांना सांभाळणाऱ्या मावशी आत आल्या. त्यांच्या हातात एक डबा होता.

"सर, हा पहिलीतल्या चिमणीचा डबा. आजही तसाच."

"भूक नसेल हो, मावशी."

"महिनाभर? आधी हिची सहावीतली ताई शेजारी बसायची, तेव्हा चाटूनपुसून खायची पोर. आता ताईला सुट्टी होते, तेव्हा ही वर्गात पाढे म्हणत असते. आपल्या सुट्टीत नुसती जिन्याकडे बघत बसते. परवा तर चक्कर येऊन पडली. उद्या आई येणार आहे, दोघींचा दाखला काढायला."

सरांचा चेहरा उतरला. "मग नळावर पुन्हा ढकलाढकली होऊ देऊ?"

"नळाचं माझ्यावर सोडा. मोठ्या मुली लहानांना पाणी भरून देतील. तुम्ही नळावरची डोकी मोजलीत, सर. डबे नाही बघितलेत."

मला वाईट वाटले, कारण ती चूक मी महिनाभर छातीवर मिरवली होती. मग सरांनी स्टूल ओढले. एक लाल चिठ्ठी हलवली की दहा पिवळ्या-निळ्या अडत होत्या. सरांना घाम फुटला, पण शाळा सुटेपर्यंत लाल रांग पुन्हा सरळ झाली.

आज आई आली. रजा काढून आली होती, घाईत होती. "दाखले तयार आहेत ना?"

"पाच मिनिटं थांबता का? घंटा होतेच आहे," सर म्हणाले.

घंटा झाली. माझ्या समोरच्या खिडकीतून पटांगण दिसते. जिन्यावरून ताई धावत आली. ती बसायच्या आतच चिमणीने डबा उघडला आणि तिचे दोन्ही गाल भरले. आई कितीतरी वेळ खिडकीशी उभी होती.

"राहू द्या दाखले," तिने डोळे पुसले.

सर मटकन स्टुलावर बसले आणि हुश्श म्हणाले. तेवढ्यात सगळे शिक्षक एकदमच आत आले. कप कमी पडले, एकच गलका झाला.

"मावशी, यापुढे चिठ्ठी हलवायच्या आधी तुम्हाला विचारीन," सर दाराशी आलेल्या मावशींना म्हणाले.

"विचारा की. मी कुठं जाते?"

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्यापैकी कुणी ना कुणी उद्या असेच वेळापत्रक लावणार आहे. तास जरूर मोजा. पण कोण कुणाच्या शेजारी बसून जेवते, हेही आधी जाऊन बघा. माझ्या एवढ्या खिळ्यांत त्यासाठी एकही खिळा नाही.