चादरींच्या दिवशीची भिंत

“ट्रे खाली ठेव. आमचा आहे तो,” थोरली म्हणाली.

धाकटीने ठेवला नाही. “ताई, एवढीच जगलीत. ट्रे परत पाठवते, रोपं तेवढी नेऊ दे.”

“आणि बी काय तुझ्या भावाने आणलं होतं?”

माझ्या खिळ्याखाली सकाळपासून हेच चाललंय. दोघी जावा. मला मध्ये पडता येत नाही. मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो. पत्र्याची पट्टी, तिच्यावर काचेची नळी, नळीत लाल पाणी. मला फक्त वर चढता येतं आणि खाली उतरता येतं.

कारखान्यात जन्मलो तेव्हा मला आधी बर्फात बुडवलं, मग उकळत्या पाण्यात. का, तर मी खोटं बोलत नाही ना ते बघायला. नाही बोलत. आजपर्यंत एकदाही नाही. त्याचा काय उपयोग झाला ते ऐका.

या रोपांच्या शेडमध्ये मला म्हाताऱ्या मालकांनी आणलं. चहाच्या आधी ते मला बघायचे, ट्रेवर हात फिरवायचे, परत मला बघायचे. हा आहे म्हणून रोपं आहेत, असं गिऱ्हाइकांना सांगायचे. मी फुगायचो. म्हातारे गेले, थोरला मुलगा मालक झाला आणि माझ्या आकड्यांवर माश्यांनी घाण केली. कोणी ढुंकून बघेना.

मला पुसलं ते धाकटीने. तिचा नवरा, म्हणजे मालकाचा धाकटा भाऊ, वारला तेव्हा मालकाने तिला सांगितलं होतं की मिरचीची एक खेप एकटीने उगवून दाखव. उगवली तर अर्धी शेड तुझी, नाहीतर भावाकडे जा. आणि भाऊ असा, की नवरा गेला तेव्हा भेटायला आला तोसुद्धा दारातूनच परत गेला. घरात पाय ठेवला तर बहीण गळ्यात पडेल, ही भीती.

दिवस थंडीचे. मिरचीच्या बीला ऊब लागते. काथ्याचा भुसा भरलेल्या ट्रेमध्ये बी टाकलं की ट्रे एकावर एक रचायचे आणि त्या थप्पीवर प्लास्टिक घालायचं, म्हणजे आतली ऊब आतच राहते. पण मुळात ऊबच नसेल तर? मी चौदावर अडकलेलो. बी नुसतं पाणी पिऊन पडून राहिलं आणि त्याला बुरशी धरली.

“तुझं बीसुद्धा तुझ्यासारखंच गं, आयतं खाऊन झोपतं,” थोरली म्हणाली. मालक हसला, आणि अजून एकदा पेर म्हणाला. शेवटचं.

मग थोरलीनेच गोड आवाजात सुचवलं की थप्पी मागच्या भिंतीला लाव. भिंतीपलीकडे लॉंड्रीचा बॉयलर आहे, त्यामुळे ती कोमट असते. धाकटीने लावली, आणि मला खिळ्यावरून काढून थप्पीच्या भिंतीकडच्या बाजूला खोचलं. मी अठ्ठावीसवर. छान दिवस होते ते. बी तडकलं, पांढरे वाकडे कोंब भुशातून मान काढायला लागले. धाकटी सारखी प्लास्टिक उचलून त्यांना उठवायची, लहान पोरांना उठवतात तसं. उद्या थप्पी उतरवायची आणि ट्रे उजेडात मांडायचे, असं तिचं ठरलं होतं.

थोरलीला एक गोष्ट माहीत होती आणि ती तिने सांगितली नव्हती. हॉटेलच्या चादरी येतात त्या दिवशी बॉयलर दिवसभर भडकलेला असतो. भिंतीला हात लावता येत नाही. नेमकं त्याच सकाळी तिने धाकटीला भुशाची पोती आणायला लांब पिटाळलं.

मी तिशी ओलांडली. पस्तीस. चाळीस. ओरडता येत नाही हो मला. दुपारी थोरली आली, प्लास्टिक उचललं, मला बाहेर ओढलं. चव्वेचाळीस. आकडे कळतात तिला. तेवढ्यात गार हवा आत शिरली आणि मला वाटलं, सुटलो. तिने मला परत खोचलं, प्लास्टिक नीट खाली ओढलं आणि कडेवर वीट ठेवली.

धाकटी संध्याकाळी आली. चादरी संपल्या होत्या, बॉयलर विझला होता. प्लास्टिक काढलं तर उकडलेल्या भाजीचा वास. कोंब ओल्या दोऱ्यासारखे आडवे. भिंत तापली असणार, असं ती मालकाला रडत सांगत होती. मालकाने मला हातात घेतलं. मी काय दाखवलं? एकोणतीस. कारण तेव्हा एकोणतीसच होतं. मला आत्ताचं सांगता येतं, दुपारचं नाही.

“थर्मामीटर तर बरोबर दाखवतोय. खोट तुझ्या हातात आहे,” मालक म्हणाला आणि मला परत खिळ्यावर अडकवलं.

माझा खरेपणा असा कामी आला.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला एकदा बघून निकाल लावू नका. तुम्ही बघता तेवढ्यापुरतंच बी जगत नाही. तुम्ही पाठ फिरवल्यावरही त्याला तीच हवा सोसायची असते, आणि कोवळ्या कोंबाला उठून सावलीत जाता येत नाही. येता-जाता बघत जा. स्वतः बघा. दुसऱ्याला बघायला ठेवलंत, तर कोणाला ठेवलंत तेही बघा.

भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यातली मूठभर रोपं तेवढी जगली. त्याच ट्रेवरून हे भांडण. आत्ता थोरलीने तो हिसकला, उलटा केला आणि त्याच्या बुडावर थापट्या मारल्या. रोपं फरशीवर पडली. फरशी बर्फासारखी, दार सताड उघडं. धाकटी गुडघे टेकून ती एकेक उचलतेय, ओंजळीत घेऊन तोंडाची वाफ देतेय. मुळं तुटलेली तिला दिसत नाहीयेत. मला दिसतायत.

थोरलीने आपली थप्पी त्याच भिंतीला लावलीय. चादरींच्या दिवशी ती थप्पी भिंतीपासून लांब ओढून घेईल. मला आत खोचायला ती इकडेच येतेय. तिलाही मी खरंच सांगणार, दुसरं काही येतच नाही मला. धाकटी अजून खालीच बसलीय, पण थोरलीचा हात खिळ्यापर्यंत आला. मला आता जायचंय.